सातपाटीचं मशीन आणि हिराबायचे बोंबील

दुकानात नवा माणूस शिरला की आधी माझ्याकडे बघायचा आणि मग माझ्या खांद्यावरून मागे. मागे भिंत होती आणि भिंतीवर कॅलेंडर. "मैडम, सेठ कब आएंगे?" बोयसरची निम्मी गिऱ्हाइकं कारखान्यांतली, त्यामुळे हिंदीच जास्त. मी म्हणायचे, "सेठ आ गये हैं, बोलो." मग बिचारा ओशाळायचा आणि मोबाइल काढून इंटरनेटवरून उतरवलेली पार्टांची यादी माझ्यापुढे धरायचा. वीस-एकवीस वर्षं मी कॉम्प्युटर जुळवायचं दुकान चालवलं आणि एवढ्या काळात बायकांनी कॉम्प्युटर जुळवू नये असं तोंडावर कुणी म्हणालं नाही. फक्त भिंतीकडे बघून घेतलं.

बाहेरच्यांना वाटतं, हे काम म्हणजे स्क्रू पिळायचं. अहो, स्क्रू पिळायला अर्धा तास लागतो. खरं काम त्याच्या आधीचं, पार्ट निवडायचं. महागातला महाग प्रोसेसर, महागातलं ग्राफिक्स कार्ड, महागातली रॅम एका डब्यात कोंबली की उत्तम मशीन होतं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा सात हुशार सुना एका स्वयंपाकघरात घालून बघाव्यात. पार्टांचं एकमेकांशी जमावं लागतं. कार्ड तापतं, तर डब्यातून वारा नीट वाहायला हवा. प्रोसेसर वीज ओढतो, तर ती न अडखळता पुरवणारा एसएमपीएस हवा. एसएमपीएस म्हणजे आतला विजेचा डबा. त्याला दिवे नसतात, काच नसते, कुणी त्याचा फोटो काढत नाही, म्हणून पैसे वाचवायचे म्हटलं की सगळे तिथेच वाचवतात. आणि मग मशीन भर खेळात मान टाकतं.

खेळाचं मशीन आणि कामाचं मशीन यांतही फरक असतो. पार्ट पुष्कळदा तेच, पण खेळाचं मशीन कबड्डीच्या गड्यासारखं असतं. चढाईला जायचं, घुसायचं, परत येऊन दम खायचा. कामाचं मशीन म्हणजे लावणीला वाकलेली बाई. सकाळी जी चाल धरली तीच संध्याकाळपर्यंत धरायची. पुष्कळ पोरं एकच मशीन दोन्हीला मागतात, आणि तेव्हाच निवडणाऱ्याचा कस लागतो.

म्हणून मी यादीकडे बघायच्या आधी प्रश्न विचारायचे. खोलीत पंखा कुठे? मिक्सर लावला की दिवे मंद होतात का? मशीन जमिनीवर ठेवणार की टेबलावर? घरात मांजर आहे का? लोक चक्रावायचे. तारापूरकडचे एक निवृत्त साहेब विमान उडवायच्या खेळासाठी मशीन घ्यायला आले होते, तीन पानी यादी, प्रत्येक पार्टापुढे कारण लिहिलेलं. मी मांजराचं विचारल्यावर म्हणाले, "बाई, मला कॉम्प्युटर हवाय, सोयरीक नाही जुळवायची." वर्षभरानं तेच मशीन घेऊन आले, कारण चालत नव्हतं. पंख्यात मांजराच्या केसांची चांगली गादी झाली होती. साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. मला मनातून फार बरं वाटलं हे कबूल करते.

माझा सगळ्यांत विचित्र प्रश्न होता पैंजणांचा. कारखान्यांच्या पट्ट्याजवळ एका घरात मदरबोर्ड दर सहा-आठ महिन्यांनी मरायचा. एकदा तिथे चहा पिताना सहज लक्ष गेलं, घरातल्या सूनबाईंचे पैंजण काळेकुट्ट. विचारलं तर म्हणाली, "महिन्याभरात काळे पडतात हो, माहेरी नाही पडत." माझ्या डोक्यात लख्ख झालं. जी हवा चांदीला लागते तीच आतल्या बारीक तारांना लागते. त्या दिवसापासून त्या भागातल्या गिऱ्हाइकाला मी पहिलं विचारायचे, पैंजण किती दिवसांत काळे पडतात? या शोधाचा मला इतका अभिमान झाला की आता हवेतलं सगळं आपल्याला कळतं असं मी धरून चालले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल सातपाटीला रिकामा झाला.

प्रणाली सातपाटीची. पंचविशीची, बारीक अंगाची, बोलायला रोखठोक. इमारती बांधायच्या आधी त्या कशा दिसतील याची हुबेहूब चित्रं ती कॉम्प्युटरवर करायची. आधी मुंबईत नोकरीला होती, ती सोडून परत आली, कारण घरी आई एकटी. वडील नाहीत, भावंड नाही. आई हिराबाय मासळी विकायची, आणि गुडघे आता पाटी घेऊन चढ-उतार करू देत नव्हते. पुण्याच्या एका स्टुडिओनं प्रणालीला घरून काम द्यायचं कबूल केलं होतं, पण अट घातली होती. वर्षभर बघू. काम वेळेवर आलं तर घरूनच कर. नाहीतर पुण्याला येऊन बस किंवा सोड.

"मावशी, मला असं मशीन पायजे जे मधेच झोपनार नाय," ती म्हणाली. "एक चित्र पुरं व्हायला सात-आठ तास लागतात. सहाव्या तासाला बंद पडलं तं पहिल्यापासून करावं लागतं."

असं गिऱ्हाईक वर्षातून एखादं मिळतं. मी आठवडाभर डोकं लावलं. दणकट प्रोसेसर, भरपूर मेमरी असलेलं ग्राफिक्स कार्ड, लागेल त्याच्या दीडपट ताकदीचा एसएमपीएस. आणि कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसतं तो डबा, मी खास मागवला. पुढची सगळी बाजू जाळीची, आत तीन थोरले पंखे पुढून वारा ओढणारे. उष्णता हा मशीनचा शत्रू, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. दिवाळी झाल्यावर मी स्वतः ते सातपाटीला नेलं. त्यांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीला समुद्राकडे उघडणारी मोठी खिडकी, आत एक अंधारी कोंदट खोली. मी टेबल ओढून खिडकीपाशी लावलं, मशीनचं तोंड वाऱ्याकडे केलं आणि म्हटलं, "प्रणाली, हे हलवायचं नाही. खिडकी उघडी ठेवायची. याला वारा लागतो." हिराबाय दारात उभ्या होत्या. मी जागा विचारली असती तर बोलल्या असत्या, पण मी पंख्याचं विचारलं, मिक्सरचं विचारलं, मांजराचं विचारलं आणि तेही सगळं प्रणालीला.

होळीपर्यंत मशीननं नाव काढलं. मग वारा फिरला, समुद्रावरून जोरात यायला लागला, आणि एके दिवशी प्रणालीचा फोन. "मावशी, पाचव्या तासाला बंद." मी नवीन एसएमपीएस घेऊन गेले, बदलला, चाललं. बारा दिवसांनी परत फोन. आता निम्मी रॅमच दिसेना. रॅमच्या पट्ट्या काढल्या, खोडरबरानं टोकं घासली, परत बसवल्या, चाललं. पण दोन कामं उशिरा गेली होती. स्टुडिओतून पत्र आलं, ते तिनं मला वाचून दाखवलं. भाषा गोड होती आणि अर्थ सरळ होता. आणखी एकदा उशीर झाला तर पुण्याला या.

"मी पुन्याला गेले तं आय इथं काय करंल?" ती म्हणाली. ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा नशिबानं हातात मुदतीचं काम नव्हतं. मी मशीन उचलून दुकानात आणलं आणि सगळं सुटं केलं. ग्राफिक्स कार्डाच्या सोनेरी दातांवर हिरवट डाग. नव्याकोऱ्या स्क्रूंना गंज. कोपऱ्याकोपऱ्यात पांढरी भुकटी. आणि वास! अख्ख्या दुकानात सुक्या बोंबलांचा वास भरला. मी बोटावर ती भुकटी घेतली आणि जिभेला लावली. हे कुणी करू नये, पण मला राहवेना. खारट होती. मीठ.

मीठ अधिक बोंबील, झालं गणित. मी तडक सातपाटी गाठली. आतल्या अंधाऱ्या खोलीत बघितलं तर सुक्या मासळीची पोती रचलेली. बोंबील, जवळा, करंदी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा ह्या साठ्यावरच हिराबायचे चार महिने निघायचे. खोलीचं दार बाहेरच्या खोलीत उघडायचं, म्हणजे मशीनच्या पाठीशीच. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हटलं, "हिराबाय, तुमच्या मासळीनं मशीन खाल्लं."

प्रणालीनं आईकडे बघितलं. हिराबायनी पोत्यांकडे बघितलं. "बरं," त्या म्हणाल्या. एवढंच.

दोन दिवसांनी मी दुरुस्त मशीन घेऊन गेले तेव्हा खोली रिकामी होती. सगळा साठा त्यांनी पालघरच्या एका व्यापाऱ्याला येईल त्या भावात देऊन टाकला होता. खोली धुऊन, सारवून लख्ख केली होती. मला जरा टोचलं, पण मी स्वतःची समजूत घातली की बाई, पोरीच्या कामापुढे बोंबील ते काय. मशीन परत खिडकीपाशी ठेवलं. खिडकी उघडली.

तीन आठवड्यांनी मी दुसऱ्या एका कामासाठी सातपाटीला गेले होते, म्हणून सहज डोकावले. मशीन चालू होतं. मी पुढच्या जाळीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

खारट.

मी तशीच खुर्चीत बसले. घरात औषधाला मासळी नाही, मग मीठ आलं कुठून? मशीन बंद करायला लावलं, झाकण काढलं आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. पांढरं सगळं पुढच्या बाजूला होतं. मागची बाजू, खोलीच्या दाराकडची, जवळजवळ स्वच्छ. मासळीचा दोष असता तर उलटं दिसायला हवं होतं. आणि वासाचं म्हणाल तर सातपाटीत तासभर उभ्या केलेल्या माझ्या स्कूटरलाही तो वास यायचा. हे मला आधी का सुचलं नाही? कारण मला चोर सापडला होता ना.

"हिराबाय," मी विचारलं, "बोंबील वाळवताना मीठ किती लावता?"

त्या चुलीपाशी होत्या. मशीनमध्ये पेट्रोल किती घालायचं असं कुणी विचारलं तर मी बघेन, तसं त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. "बोंबलाला मीठ कोन लावतो? दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची न बांबूवर टाकायचे. उन्हात सुकतात. मीठ दुसऱ्या मासलीला, बोंबलाला नाय."

मी माहीमची, मुंबईच्या नव्हे, पालघरजवळच्या. पालघरहून सातपाटी जेवढी, तेवढंच आमचं माहीम. जन्मभर बोंबील खाल्ले. बांबूवर टांगलेल्या त्या रांगा हजार वेळा येता-जाता बघितल्या. पण ते वाळवतात कसे, हे कधी विचारलं नव्हतं. ती पोती होती बोंबील, जवळा आणि करंदीची, आणि जवळा-करंदीही त्या नुसत्या उन्हातच सुकवायच्या. त्या खोलीत मिठाचा खडा नव्हता. मी चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवलं होतं.

आता अंदाजावर भरवसा नको, म्हणून मी पैंजणांची युक्ती काढली. तांब्याच्या जाड तारेचे पाच तुकडे कापले, पॉलिश पेपरनं लखलखीत घासले आणि त्यांच्या घरात पाच ठिकाणी दोऱ्यानं बांधले. खिडकीपाशी, चुलीपाशी, खाटेखाली, मागच्या दारी आणि आतल्या रिकाम्या खोलीत. प्रणाली म्हणाली, "मावशी, करनी काढता काय?" मी म्हटलं, "तसंच समज." प्रणालीचं पुढचं काम पंधरा दिवसांनी द्यायचं होतं, त्यातले आठ दिवस मी तुकड्यांना दिले. आठ दिवसांनी जाऊन पाचही तुकडे ओट्यावर ओळीनं मांडले. खिडकीचा हिरवा पडला होता. मागच्या दारचा काळपट. चुलीचा आणि खाटेखालचा मळकट. आतल्या खोलीतला असा होता की जणू आत्ता घासलाय.

मी एकेक उचलून उन्हात धरत होते. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. मग हिराबायनी वाकून शेवटच्या तुकड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तिथं हवा ओली होतच नाय. म्हनून तं मासली तिथं ठेवते. माजी सासूपन तिथंच ठेवायची. भर पावसात जवला कुरकुरीत राहतो."

म्हणजे घरातली सगळ्यांत कोरडी जागा कोणती, हे त्या घरात तीस-चाळीस वर्षं माहीत होतं. आणि मी मशीन नेऊन ठेवलं होतं समुद्राच्या तोंडात, वर तीन पंखे लावले होते खारा वारा नेमानं आत ओढायला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

उरलेल्या सात दिवसांत मी मशीन नव्यानं जुळवलं, या वेळी घराकडे बघून. जाळीचा डबा काढला, बंद अंगाचा, वाऱ्याच्या प्रत्येक वाटेला गाळणी असलेला घातला. तीन जोरकस पंख्यांऐवजी दोन मोठे, संथ. प्रोसेसरवर थोरलं धातूचं पंखाळं, म्हणजे पातळ पत्र्यांचा जुडगा बसवला, जो पंखा जोरात न फिरवता उष्णता सोडतो. आणि ग्राफिक्स कार्डाचा वेग मी माझ्या हातानं कमी केला. ज्या वेगासाठी ते निवडलं होतं तोच. हे करताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू? पण मशीन आता आतल्या कोंदट खोलीत जाणार होतं, तिथे कमी तापणारंच टिकणार होतं. सात तासांचं काम नऊ तासांवर जाणार होतं.

काम द्यायच्या दिवशी प्रणालीनं सकाळी सातला चित्र लावलं. संध्याकाळी पाचला पुण्याला पोचायला हवं होतं. मी दुकान बंद ठेवून दहाच्या सुमाराला तिथे गेले. करण्यासारखं काहीच नव्हतं. आत प्रणाली स्टुलावर बसून पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होती, बाहेर ओट्यावर मी आणि हिराबाय. मी दर वीस मिनिटांनी आत जाऊन डब्याला हात लावून यायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. शेवटी प्रणाली वैतागली. "मावशी, तुमी बाहेर बसा. तुमीच जास्त तापल्यात."

दुपारी हिराबायनी जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. मी दोन घास खाल्ले आणि म्हटलं, "फर्मास झालीय. थोडे ठेवले होते वाटतं घरात?"

"नाय. शेजारनीकडून इकत आनले."

सातपाटीची बाई, जन्म मासळी सुकवण्यात गेलेला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बोंबील विकत आणते. माझ्या एका वाक्यामुळे. मी ताट बाजूला केलं आणि हात जोडले. "हिराबाय, मी चुकले. तुमच्या मासळीचा काही दोष नव्हता."

"मला ठाव होतं."

"ठाऊक होतं? कधीपासून?"

"तू बोललीस तवाच. बोंबलात मीठ नाय, ते मशीन कसं खातील?"

"मग बोलला का नाहीत? सगळा साठा घालवलात!" मी जवळजवळ ओरडलेच. राग माझा माझ्यावर होता, पण निघाला त्यांच्यावर.

हिराबायनी भाकरीचा तुकडा मोडला. "बाय, पोर माज्या तोंडाकडं बघत होती. मी नाय म्हटलं असतं, न मशीन परत बंद पडलं असतं, तं तिला जन्मभर वाटलं असतं का आयनं मासली काढली नाय म्हनून माजं काम गेलं. मंग ती पुन्याला बसून तेच घोकत राहिली असती. मासलीचं काय, पुढच्या साली परत सुकंल."

एवढी वर्षं गिऱ्हाइकाला काय हवंय ते मी यादीत आणि घराच्या भिंतीत शोधत आले, आणि या बाईनं पोरीसाठी काय दिलं ते माझ्या नाकासमोर असून मला दिसलं नव्हतं. मी ताट परत ओढलं आणि सगळं संपवलं.

चार वाजले. सव्वाचार. आत काही आवाज नव्हता, नुसती त्या दोन पंख्यांची घरघर. साडेचारला स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि प्रणाली दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल, केस विस्कटलेले.

"आय, गेलं."

हिराबाय गुडघा धरून अर्ध्या उठल्या. "पुन्याला?"

"पुन्याला."

"न तू?"

"मी हितंच."